एकट्या हाताचा मेन स्विच

मे महिन्याच्या दुपारी इंदोरा वस्तीतल्या त्या घरात आवाज असायचा तो फक्त कूलरचा. इंदूबाई गजभिये आता सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं हे घर बांधलं, आणि काही वर्षांतच ते गेले. मुलगी माया पुण्याला. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. तो ठेवला की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत इंदूबाईंना बोलायला कोणी नसायचं. भाजी निवडताना कधी कधी त्या स्वतःशीच मोठ्यानं बोलायच्या. आपला आवाज आपल्यालाच परका वाटू नये म्हणून.

त्या दुपारी त्यांचा डोळा लागला होता. जळकट वासानं जाग आली. पाहतात तर कूलरची वायर पेटलेली आणि खिडकीच्या पडद्यानं पेट घेतलेला! कूलरच्या बटणाजवळ जायची सोय नव्हती. इंदूबाई धडपडत व्हरांड्यातल्या मेन स्विचकडे धावल्या. लोखंडी पेटी, बाजूला आखूड हँडल. ते खाली ओढलं की घराची वीज बंद. मागच्याच वर्षी वायरिंग बदलताना ही नवी पेटी बसवली होती.

त्यांनी हँडल ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळल्या, तरी हलेना.

"कोणी आहे का गा? धावा!"

शेजारच्या घरांची दारं बंद होती, आत कूलर घोंगावत होते. त्यांची हाक अंगणाच्या फाटकापर्यंतही पोचली नसेल. शेवटी त्यांनी न्हाणीतली कपडे धुवायची लाकडी मोगरी आणली आणि हँडलवर घाव घातले. तिसऱ्या की चौथ्या घावाला ते खाली आलं आणि मोडून हातात पडलं. वीज गेली. मग त्यांनी बादलीनं पाणी मारून आग विझवली. मनगट भाजलं होतं. ओल्या फरशीवर त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. पाठीवर हात ठेवायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुर्गेश इलेक्ट्रिशियन आला. "हँडलच तोडलं का आजी तुम्ही? मस्त माल होता!" त्यानं तश्शीच दुसरी पेटी बसवली. "आता वयच झालं तुमचं. ताकद राहिली नाही हातात."

संध्याकाळी माया फोनवर म्हणाली, "आई, तू एकटी राहूच नको आता. पुण्याले ये."

चूक सगळ्यांनी वयावर टाकली. रात्री इंदूबाईंच्या मनात आलं, आग विझवणारीही मीच होती ना! आग काय वय पाहून लागते?

मोडलेल्या पेटीच्या झाकणावर कारखान्याचा पत्ता होता, हिंगणा रोडचा. दोन दिवसांनी ती जड पेटी पिशवीत घालून इंदूबाई ऑटोनं तिथं गेल्या. चौकीदार म्हणाला, तक्रार दुकानदाराकडे करा. त्या म्हणाल्या, "तक्रार नाही बाबू. ज्यानं हे बनवलं त्याले एक गोष्ट विचारायची आहे." आणि बाकावर बसून राहिल्या.

अखेर डिझाइन विभागाचा स्वानंद बाहेर आला. पस्तिशीचा, घाईतला. हातात घेऊन त्यानं पेटी न्याहाळली.

"मावशी, यात दोष काहीच नाही. उलट ही सगळ्यात सुरक्षित पेटी आहे. आत कडक स्प्रिंग आहे. माणसानं हँडल कितीही हळू ओढलं, तरी आतली वीज जोडणारी पाती स्प्रिंगच्या जोरावर झटक्यात सुटते. हळूहळू सुटली तर मधे ठिणगी रेंगाळते आणि स्विचच जळतो. आणि वीज चालू असताना झाकण उघडतच नाही. हे सगळं तुमच्या जिवासाठीच आहे."

इंदूबाईंनी नीट ऐकून घेतलं. "पटलं बाबू. स्प्रिंग कडकच पाहिजे. पण मले सांग, हे ओढून कोणी पाहिलं होतं?"

"आम्हीच. मी, आमचे फिटर... सगळ्यांनी."

"सगळे जवान गडी?"

स्वानंद हसला. "पण मावशी, घरात कोणी ना कोणी तर असतंच ना! एकाला नाही जमलं तर दुसरा ओढेल."

"नसते बेटा," इंदूबाई हळूच म्हणाल्या. "कोणीच नसते. मी ओढून राहिली होती न् ओरडून राहिली होती. कोणी आलं नाही. तुमच्या ध्यानात भरलेलं घर होतं. रिकामं घर काहून नाही आलं तुमच्या ध्यानात?"

स्वानंदचं हसू विरलं. त्यांच्या मनगटावरची पट्टी त्याला आता दिसली. आणि एकदम आठवली उमरेडची आई! तिथंही रिकामं घर, तिथंही हीच पेटी. हौसेनं त्यानंच बसवून दिली होती. आईला कधी ओढून बघ म्हणालाच नव्हता!

"मावशी, चूक तुमच्या हाताची नाही," तो म्हणाला. "आमच्या विचाराची आहे. आत या."

पुढचे काही महिने तो त्या हँडलच्या मागे लागला. स्प्रिंग तशीच ठेवली, पण हँडल लांब केलं, म्हणजे तोच जोर कमी श्रमात पोचेल. पकड रुंद केली, भिंतीपासून जरा पुढे आणली, म्हणजे दोन्ही हात नीट मावतील. मालक कुरकुरले, पेटी मोठी झाली, खोका वाढला, खर्चही वाढला. स्वानंद अडून बसला. चाचणीला त्यानं इंदूबाईंना बोलावलं, त्यांच्या वस्तीतल्या आणखी दोघीतिघींना आणि उमरेडहून स्वतःच्या आईलाही. संधिवातानं बोटं वाकडी झालेल्या जिजाबाई आधी हातच लावेनात.

"ओढ वं," इंदूबाई म्हणाल्या, "भिऊ नको."

जिजाबाईंनी हलकेच, भीत भीत हँडल खाली आणलं. आत खट्‌कन आवाज झाला! त्या चकित होऊन आपल्या हाताकडेच पाहत राहिल्या. "मीच केलं का हे?"

नवी पेटी इंदूबाईंच्या व्हरांड्यात लागली. पेटीनं काही त्यांचं घर भरलं नाही. संध्याकाळच्या फोननंतरची शांतता तशीच राहिली. त्या शांततेतली भीती मात्र गेली.

वाचकहो, सुरक्षा म्हणून आपण जे जे बनवतो, ते धडधाकट माणसाच्या हाताला जमतं का, एवढंच पाहून थांबतो. पण जी सोय दुबळ्या हाताला वापरता येत नाही, ती सुरक्षा नव्हेच! आजच आपल्या घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला मेन स्विच ओढून पाहायला सांगा. आणि आपल्या गल्लीत एखाद्या घरात तो ओढायला एकच हात असेल, तर त्या दारावर थाप मारा. आग लागायची वाट पाहू नका.