नाव नसलेला साडेपाच

मित्रांनो, मला हात नाहीत, काटेही नाहीत. मी एक जुना आकडा आहे: साडेपाच. शिवाजी पेठेतल्या एका माडीवर, प्रसेनजीतच्या संगणकात, एका ओळीत मी एकटा राहतो.

माझा जन्म जानेवारीतला. प्रसेनजीतने लंडनमधल्या मित्राला फोनवर तिकडची वेळ विचारली, ती आपल्या घड्याळातून वजा केली आणि उरलो तो मी. त्याने मला प्रोग्राममध्ये लिहिले. लंडनचे नाव मात्र लिहिले नाही. कुणी तिकडची वेळ दिली, की मी तीत साडेपाच तास मिळवून इथली वेळ सांगत असे. लंडनला लेकरे असलेली पेठेतली माणसे फोन करण्यापूर्वी मला विचारू लागली. कौतुक प्रसेनजीतचे होई. मला तेवढे पुरे होते.

एप्रिलमध्ये त्याच्या बहिणीला, अक्षताला, माझी गरज पडली. ती परिचारिका. लंडनच्या एका रुग्णालयाने तिची मुलाखत संगणकावरून, तिथल्या सकाळी दहाला ठेवली होती. दोन वर्षे ती या दिवसासाठी अभ्यास करत होती. मी सांगितले, दुपारी साडेतीन.

सव्वातीनला ती इस्त्रीची साडी नेसून पडद्यासमोर बसली. आई सोनूबाई कागलहून मुद्दाम आल्या होत्या. पडद्यावर एकच ओळ होती: मुलाखतीची वेळ संपली आहे.

मार्चच्या अखेरच्या रविवारी लंडनची घड्याळे एक तास पुढे सरकतात. अंतर आता साडेचारच तासांचे होते. अडीचपासून तिची वाट पाहून ती माणसे उठून गेली होती. आकड्याला स्वतःहून बदलता येत नाही, मित्रांनो.

सोनूबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "घड्याळ तर बराबर हाय की. मग चुकलं कोण?"

"मी चुकलो, आई," प्रसेनजीत म्हणाला.

अक्षता पदर सावरत उठली. "दादा, एप्रिलची वेळ तू जानेवारीला इचारलीस की."

तिने क्षमेचे पत्र पाठवले. चार दिवसांनी उत्तर आले: जागा भरली होती.

प्रसेनजीतने माझ्या जागी लंडनचे नाव लिहिले. आता प्रोग्राम त्या शहराचे, त्या दिवसाचे अंतर नियमांच्या यादीतून शोधून घेतो. मला त्याने पुसले नाही. माझ्यापुढे दोन तिरप्या रेघा ओढल्या. अशी ओळ संगणक ओलांडून जातो, फक्त माणूस वाचतो.

म्हणून वाचणाऱ्यांनो, एवढेच मागतो: अंतर लिहाल तेव्हा ते कोणत्या गावाचे, कोणत्या तारखेचे, हे सोबत लिहा. नावाविना आकडा फार एकटा पडतो, आणि एकटा आकडा खोटे बोलतो.

अक्षताने पुन्हा अर्ज केला आहे. नव्या मुलाखतीची वेळ काल तिने प्रोग्रामकडून काढून घेतली. मला कुणी विचारले नाही. तेच बरोबर आहे.