लंडनच्या घराला कोनाडा

"वहिनी, ये क्या है?" अंशुलनं पुठ्ठ्याचं इवलंसं घर उचलून डोळ्यांसमोर धरलं. "लंडनच्या घराला कोनाडा?"

"दिव्यासाठी आहे."

"दिवा!" तो इतक्या मोठ्यानं हसला की आतल्या खोलीत माझ्या लेकीनं, चिऊनं, कूस बदलली. "भिया, सुना आपने? दीडशे वर्षांपूर्वीचं लंडन, धुकं, धुराडी, आणि वहिनी दाराशी पणती लावतायत!"

भिया म्हणजे भाऊ, आमच्या माळव्याची बोली; इथं माझा नवरा, अजेय. तोही हसला. पेपरातून मान वर न काढता हसला, हे मी बघून ठेवलं.

"बुजवून टाका," अंशुल म्हणाला. "नऊच्या नऊ घरांचे. परवा सकाळी न्यायला येतो. स्पर्धा झाली की परत आणून देतो, घरं तुमचीच."

अंशुल माझा चुलत दीर. धारला राहतो आणि तिथं त्यानं मेजावर लढाया खेळणाऱ्यांचा एक क्लब काढलाय. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे शिपाई, रंगवलेले. फूटपट्टीनं मोजून ते पुढे सरकवायचे, फासे टाकायचे, मेला तो उचलायचा. पण नुसत्या मेजावर लढाई कशी होणार? लपायला भिंती हव्यात, चढायला छपरं हवीत. बाहेरून मागवलेल्या एका तयार घराच्या किमतीत आमच्याकडचा महिन्याचा किराणा येतो. म्हणून अंशुलला वहिनी आठवली. "तुम्ही महालक्ष्म्यांची आरास करता ना, बस, तसंच काहीतरी. स्वस्तात."

तसंच काहीतरी करायला मला दोन महिने लागले.

चिऊ चार वर्षांची आहे. दुपारी एक ते तीन झोपते, कधी अडीचलाच उठते. तेवढ्या वेळात मी ती गल्ली बांधली. भिंती औषधांच्या खोक्यांच्या. पावसाचं पाणी उतरायचे नळ म्हणजे संपलेल्या रिफिली. धुराड्यांवर स्केचपेनांची बुडं. काचांना गोळ्यांच्या पाकिटांचं प्लॅस्टिक, चौकटींना आगकाड्या. कोळशाच्या ढिगाला वापरलेला चहा, वाळवून, काळा रंगवून. विटांचं मात्र अडलं. जगभर ही माणसं अंड्यांच्या ट्रेचा जाड पुठ्ठा कापून विटा करतात, कारण त्याचा खडबडीतपणा दुसऱ्या कशाला येत नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन ट्रे आणले आणि सासूबाईंनी ते दारातच अडवले.

"कृतिका, या घरात चार पिढ्यांत अंडं आलेलं नाही."

"आई, अंडं नाहीये, रिकामा पुठ्ठा आहे."

"रिकामा असला म्हणून काय झालं? सोवळ्याच्या कपाटासमोरून नेणार आहेस तो."

ट्रे परत गेले. मग फळवाल्याकडे सफरचंदांच्या पेटीतले जांभळे ट्रे सापडले. पुठ्ठा तोच, फक्त रंग दोनदा द्यावा लागतो. आमच्या लंडनच्या सगळ्या विटा सफरचंदांच्या आहेत. साडेचार हजारांच्या वर कापल्या असतील. बोटाला कात्रीचा घट्टा पडला, तो चिऊ रोज रात्री झोपताना चाचपायची. "आई, इथे खडा आहे."

आणि कोनाडा तिचाच. पहिलं घर उभं राहिलं तेव्हा ती झोपेतून उठून, केस विस्कटलेले, मेजाच्या कडेला हनुवटी टेकून बघत राहिली.

"इथे कोण राहतं?"

"कोळसेवाला. त्याची बायको. एक मुलगी."

"संध्याकाळी दिवा कुठे लावतात ते?"

सासरी-माहेरी, जिथे म्हणून मी राहिले तिथे दाराशी दिव्याची जागा होतीच. मी ब्लेड घेतलं आणि दाराच्या उजव्या हाताला नखाएवढी कमान कापली. मग बाकीच्या आठ घरांनाही कापली. एकाच्याच दाराशी दिवा कसा चालेल?

अंशुलनं बुजवायला सांगितलं आणि त्याच दिवशी चिऊला ताप आला. दोन दिवस ती खांद्यावरून उतरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंशुल आला, घाईत होता, खोकं गाडीत टाकून गेला. कोनाडे तसेच राहिले. मला वाटलं, बोलणी बसणार.

बोलणी नाही बसली. गुरुवारी दुपारी घरच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला.

माझी गल्ली हिरव्या कापडावर उभी होती. खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. वरून दिवा सोडला होता आणि धुराड्यांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या. मग अंशुलचं बोट आलं, थेट कोनाड्यावर.

"ये देखिए, ये मेरा सिग्नेचर है. बाहरवाले सेट में आपको ये नहीं मिलेगा. सिपाही इसमें बंदूक टिका सकता है. बहुत सोच के रखा है मैंने."

मागून कुणीतरी विचारलं, बनाया किसने?

"डिज़ाइन मेरा. चिपकाने-विपकाने का काम भाभी कर देती हैं घर पे, ख़ाली टाइम में."

व्हिडिओखाली घरच्या अकरा जणांनी टाळ्या पाठवल्या होत्या. त्यात अजेयच्याही होत्या.

खाली टाइम. मी तो शब्द घेऊन घरभर फिरले. कुठे होता तो? कुकरची तिसरी शिट्टी आणि चिऊची शाळेची गाडी यांच्यामध्ये? धुणं वाळत घालताना? ती झोपली की माझेही डोळे मिटायचे, आणि मी थंड पाणी मारून बसायची. ती झोप माझी होती. मी ती कापून, रंगवून, एकेक करून त्या भिंतींवर चिकटवली होती.

संध्याकाळी अजेयला फोन दाखवला.

"अगं, बोलायच्या भरात बोलला असेल."

"बुजवून टाका म्हणाला होता. तू इथेच बसला होतास."

"घरातलाच आहे ना तो? आपल्यात काय नाव आणि गाव!"

"घरातली मी पण आहे. मग माझं नाव घ्यायला काय झालं?"

"चारचौघांत वाद नको, एवढंच म्हणतोय."

"चारचौघांत त्यानंच सांगितलं. मी आतापर्यंत गप्पच आहे."

त्यावर त्यानं पाणी मागितलं. मी दिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा.

रविवारी क्लबमध्ये स्पर्धा होती; सकाळीच मी चिऊला तयार केलं. सासूबाई पोथी मिटून दारात आल्या. "दिराशी भांडायला एवढं धारपर्यंत जायचं?"

"हो."

त्यांनी चिऊकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरीला टोपी घाल. ऊन आहे." आणि परत पोथीकडे गेल्या.

इंदूरला बस बदलली. चिऊ खिडकीशी बसून सारखी विचारत होती, कोळसेवाल्याची मुलगी आपल्याला ओळखेल का. मी हो म्हणत होते. मनात मात्र वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला रडू येत होतं. ते मला नको होतं. रडणाऱ्या बाईला माणसं पाणी देतात, उत्तर देत नाहीत.

क्लब म्हणजे एका कोचिंगवाल्यांचा भाड्यानं घेतलेला हॉल. पाच मेजं, तीसेक माणसं, सगळे पुरुष. माझी गल्ली मधल्या मेजावर होती. समोर जाड कागदाची पाटी: संकल्पना व निर्मिती, अंशुल.

"अरे वहिनी! और चिऊ भी! सांगायचं तरी, घ्यायला आलो असतो."

"अंशुल, या पाटीवर माझं नाव घाल."

तो हसला, मग माझा चेहरा पाहून थांबला. मला दंडाला न धरता, पण धरल्यासारखा हात करून, बाजूला घेऊ लागला. मी हलले नाही.

"वहिनी, यहाँ नहीं ना. नंतर बोलू."

"इथेच. पेन माझ्याकडे आहे. कृतिका लिही. एकच शब्द आहे."

"देखो, लोक सीरियस आहेत इथे. वहिनीनं घरी बनवलं म्हटलं की शाळेचा प्रोजेक्ट वाटतो. तुमच्याच कामाची व्हॅल्यू कमी होते."

"आणि कोनाडा? बहुत सोच के ठेवलास?"

आजूबाजूचे फासे थांबले. अंशुलचे कान लाल झाले. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि मोठा समजूतदारपणा करतोय असा चेहरा करून पाटी उचलली, दुमडली आणि खिशात घातली.

"लो. कुणाचंच नाव नको. झालं समाधान?"

त्या क्षणापर्यंत मी फक्त नाव मागायला आले होते. देवी शप्पथ. पण त्यानं ती पाटी दुमडली आणि नऊ घरं, एक रस्ता, साडेचार हजार विटा, हे सगळं कुणीच बांधलेलं नाही असं झालं. आपोआप उगवलेलं. आणि वर मलाच विचारत होता, समाधान झालं का.

"माझी घरं मी घेऊन जाते."

"पागल हो क्या? गेम चालू आहे! सेमीफायनल आहे!"

"खोकं कुठे आहे?"

"वहिनी, लोग देख रहे हैं."

"बघू देत."

खोकं मेजाखालीच होतं. मी ते ओढलं. पण घरांकडे हात नेला आणि थबकले. छपरांवर, खिडक्यांत, गल्लीच्या वळणावर लाल कोटातले शिपाई उभे होते. प्रत्येकाच्या कोटाला सोनेरी बटणं काढलेली, प्रत्येकाची मिशी वेगळी. हे रंगवणाऱ्यानंही आपल्या कितीतरी दुपारी यात घातल्या असणार. घर उचललं असतं तर सगळे खाली पडले असते.

मेजापलीकडे साठीचे एक गृहस्थ हातात फूटपट्टी घेऊन उभे होते.

"शिपाई तुमचे?" मी विचारलं.

"माझे. जयसिंगराव. कचेरीत होतो, आता रिटायर." मग म्हणाले, "तुम्ही खरंच बांधलंय हे, ताई?"

"हो."

"त्या भिंती कशाच्या? आम्ही तिघं चौघं डोकं लावतोय आठवड्यापासून. अंशुलला विचारलं तर सीक्रेट म्हणतो."

"सफरचंदांच्या पेटीतले ट्रे. चौकोन कापून एकेक चिकटवलेत."

त्यांनी वाकून भिंत बघितली. पुष्कळ वेळ बघितली. त्यांच्यासमोरचा खेळाडू, जाडसर चष्म्याचा, कुरकुरला, "अंकल, टाइम जा रहा है. चाल चलो."

"चाल कसली, भिया. घरमालकीण आलीये." जयसिंगरावांनी फूटपट्टी खाली ठेवली. "तीन वर्षांत पहिल्यांदाच जिंकत होतो, बरं का ताई."

"मला माफ करा."

"तुम्ही कशाला? तुम्ही थांबा फक्त. छपरावरचे मी उतरवतो. त्यांचे पाय नाजूक आहेत."

"काका, आप भी?" अंशुल म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी पहिला शिपाई उचलला आणि मेजाच्या कडेला उभा केला. मग दुसरा. घाई अजिबात नव्हती. चिऊ माझा पदर सोडून मेजाशी गेली आणि हनुवटी टेकवून बघू लागली. एक शिपाई आडवा झाला तेव्हा तिनं तो सरळ केला. जयसिंगराव म्हणाले, "शाब्बास." मी हात बांधून उभी राहिले. कुणाच्या कामासाठी थांबायला मला कमीपणा वाटला नाही.

शेवटचा शिपाई उतरला. त्यांनी मान हलवली.

मी पहिलं घर उचललं. खालच्या हिरव्या कापडावर घराएवढाच एक चौकोन दबलेला राहिला होता. कडा अगदी सरळ.