भाताचा चेंडू

हिरीपुढे थाप मारायची पाड्यात कुणाची हिंमत नव्हती. उलटतपासणीत तिने भल्याभल्यांना घाम फोडलेला. पण थाप मोबाइलवर आली, की जाब विचारायला समोर माणूसच नसतो.

आठवड्यापूर्वी तिला एक व्हिडिओ आला. कुणीतरी शिजलेल्या भाताचा गोळा वळून आपटतो आणि गोळा टुणकन उडतो. खाली लिहिलेलं, रेशनचा तांदूळ प्लास्टिकचा आहे, गरिबांना मारायचा डाव आहे. गरिबांविरुद्ध डाव आहे म्हटलं की हिरीला ते लगेच पटायचं, आणि त्यात तिचा फार दोष नव्हता. तिने तो व्हिडिओ साऱ्या पाड्याला पाठवला. खोडाळ्याच्या बाजारात भेटेल त्यालाही सांगितलं.

"मग आपल्या रविनाच्या लग्नात पंगतीला काय वाढायचं? दगड?" नवरा लाडक्या म्हणाला.

उन्हाळ्यात घरचा तांदूळ कुणाकडे उरतो? रीतीप्रमाणे घराघरातून सूपभर तांदूळ आला तो रेशनचाच. लग्नाच्या धांदलीत हिरीने सोयीस्कर डोळेझाक केली आणि चुलाण पेटवलं.

साखरशेतहून वऱ्हाड आलं, लग्न लागलं, पहिली पंगत बसली. नवरदेवाचा मामा माघ्या म्हणजे दुधातही खडा शोधणारा माणूस. पत्रावळीवर भात पडताच त्याने गोळा वळला, ओट्याच्या सिमेंटवर आपटला. गोळा उडाला.

"प्लास्टिक," माघ्या म्हणाला. "उठा रे सगळे. हा भात आम्ही खाणार नाय."

पंगत उठली. वऱ्हाड उपाशी परत गेलं, तर साखरशेतात हिरीच्या लेकीला, रविनाला जन्मभर टोमणे खावे लागणार. मांडवात रविनाचे डोळे भरून आले होते.

"मामा, कोण म्हणालं प्लास्टिक?" हिरीने विचारलं.

"मोबाइलात आलंय."

"कुणाकडून?"

"तुमच्याच पाड्यावरून."

सगळा पाडा हिरीकडे बघायला लागला. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. लाडक्याने तेवढ्यात खोकून हसू दाबलं, त्याचा हिशेब ती नंतर करणार होती. पण लाजेपेक्षा रागाने तिचं डोकं जास्त चालायचं. तिला प्रथमच एक गोष्ट सुचली.

"मामा, तुमच्या घरचा भात कधी आपटून बघितलात?"

"अन्न कुणी आपटतं का?" माघ्या चिडला.

"तेच म्हणते मी. आपल्यात अन्न कुणी आपटत नाय. मग घरचा भात उडतो की नाय, ते कळलं कुणाला?"

नवरीसाठी माघ्याने स्वतःच्या शेतातला तांदूळ गाठोडं बांधून आणला होता. हिरीने त्यातलाच ओंजळभर मागितला आणि त्याच्यासमोर शिजत टाकला. भात रटरटत होता आणि ती सारखं झाकण उचलून बघत होती. मामाचा गोळा नाहीच उडाला तर? मग स्वतःच्या हाताने पोरीचं वाटोळं केल्यासारखं होणार होतं. पण आता माघार घेता येत नव्हती.

"अन्नदेवा, माफ कर," असं म्हणून माघ्याने गोळा घट्ट वळला आणि आपटला.

गोळा उडाला तो थेट वाजंत्र्याच्या मांडीवर. मांडव हसून लोळायला लागला. हिरीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

माघ्याने तरी पत्रावळीतले फिकट दाणे वेचून दाखवले. "आणि हे? हे वेगळे दिसतात."

"वेगळेच आहेत ते," पाड्याच्या औषधपाण्याचं बघणारी आशाताई सुकरी म्हणाली. "तांदळाच्याच पिठात लोह घालून बनवतात. अंगात रक्त वाढावं म्हणून."

"सुकरी म्हणते म्हणून नको," हिरी म्हणाली. "कुणाच्या घरातलं रेशनचं पोतं आणा. मामाच वाचतील."

मामाने बोट ठेवून पोत्यावरचं वाचलं. तसंच छापलेलं होतं. तो गुमान पानावर बसला, त्याच्यामागून वऱ्हाडही बसलं. "जो व्हिडिओ मी पाठवला, तो खोटा," असं हिरीने भर पंगतीत सांगितलं आणि भात वाढायला घेतला.

माघ्याने तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा त्याचा फोन वाजला. साखरशेतहून घरी राहिलेला दुसरा भाचा होता, घाबरलेला, एवढ्या मोठ्याने ओरडत होता की शेजारच्या पानांनाही ऐकू जात होतं.

"मामा, तिथला भात खाऊ नको. आताच व्हिडिओ आलाय. लग्नात प्लास्टिकचा भात पकडलाय, गोळा पार वाजंत्र्याच्या अंगावर उडतोय."

माघ्याने घास गिळला.

"तू होतास का तिथं बघायला?"

"नाय, पण व्हिडिओत दिसतंय ना."

"व्हिडिओतला तो हात माझा आहे, येड्या," माघ्या म्हणाला. "आणि भात आपल्या शेतातला."

त्याने फोन खिशात टाकला आणि पत्रावळ हिरीपुढे सरकवली.