राज्यपालांच्या यजमानांची खुर्ची

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मल्हाररावांचा फोन आला. वेळा माझ्या आपोआप लक्षात राहतात. नायब तहसीलदार होण्याआधी दोन वर्षं मी प्रयोगशाळेत काढली, सवय तिथली.

"मॅडम, मंचावर किती खुर्च्या हायेत?"

"पाच, सर. राजभवनाच्या यादीप्रमाणे."

"सहा करा. शीलाच्या उजव्या अंगाला."

शीलाताई दूरच्या एका लहान राज्याच्या राज्यपाल. गाव बिडकीनच्या बाजूचं. त्या दिवशी क्रांती चौकाजवळच्या सभागृहात त्यांचा नागरी सत्कार होता आणि राजशिष्टाचाराची जबाबदारी माझ्याकडे होती. वीस वर्षांपूर्वी सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, तेव्हा मल्हाररावांनीच बायकोला उभं केलं होतं. निवडून त्या आल्या, खुर्चीवर हे बसले. यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नव्हतं. त्यांच्या जीपवर 'सरपंच पती' असं रंगवून घेतलेलं होतं. पुढे बाई जिल्हा परिषदेत गेल्या, मग वर, आणखी वर. राजभवनात मात्र मल्हाररावांना बसायला खुर्चीच उरली नाही. त्यांची जागा मंचासमोर, पहिल्या रांगेत, सोफ्यावर.

मी आमच्या उपजिल्हाधिकारी साहेबांना विचारलं.

"ठेवून टाका हो," ते म्हणाले. "नवऱ्याला शेजारी बसवलं म्हणून कुठली बायको चिडते? आम्ही त्यांना तसंच बघत आलोय."

मी मनकर्णाबाईंना सहावी खुर्ची ठेवायला सांगितली. त्या सभागृहाच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर होत्या. झाडलोट, पाणी, खुर्च्या. त्यांनी ती खुर्ची पदराने पुसली.

अकरा वाजून चार मिनिटांनी राज्यपाल मंचावर आल्या. राष्ट्रगीत झालं. सगळे बसले, त्या उभ्याच राहिल्या. मल्हारराव तांबडा फेटा बांधून मंचाच्या दुसऱ्या पायरीवर पोचले होते.

"ही खुर्ची कुणाची?"

समोरचा माईक चालू होता. त्याचा हिरवा दिवा राज्यपालांच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर होता.

"यजमानांची, मॅडम," मी हळूच म्हणाले.

"यजमान घरी. इथं राज्यपाल आल्यात. उचला ती."

सभागृहात सातशे माणसं होती, त्यातली निम्मी गावाकडची. आधी मागून एक जण हसला, मग सगळेच. मनकर्णाबाईंनी खुर्ची उचलली आणि मल्हाररावांच्या शेजारून, "आण्णा, जरा सरा," असं म्हणत खाली नेली. ते दुसऱ्या पायरीवरच होते. उतरताना त्यांनी फेट्याला हात लावला.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत चहा होता. राज्यपाल, मल्हारराव, आमचे साहेब आणि मी. मल्हाररावांनी कपाला हात लावला नाही.

"खुर्चीची अक्कल कुणाची?"

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मी तर सांगितलं नव्हतं." मल्हारराव माझ्याकडे वळले. "सांगितलं व्हतं का, मॅडम?"

माझा फोन माझ्या हातात होता. आलेल्या कॉलमध्ये त्यांचा नंबर होता, आठ वाजून दहा मिनिटं.

"ज्यानं केलं त्याला जिल्ह्याच्या भाईर काढायचं," ते साहेबांना म्हणाले. "आजच."

"होऊन जाईल," साहेब म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नाही पाहिलं.

दूर किनवटला एकटीनं तीन वर्षं काढून मला शहरात येऊन चार महिने झाले होते. माझा नवरा याह्या उस्मानपुऱ्यातल्या शाळेत शिकवतो. मुलगी आमरीन साडेतीन वर्षांची आहे. आल्यानंतर पहिला महिनाभर ती मला आंटी म्हणत होती. अम्मी म्हणायला लागून तीनच महिने झाले होते.

"नाही, सर," मी म्हणाले. "तुम्ही नव्हतं सांगितलं. सभागृहातल्या बाईंनी ठेवली."

"बोलवा तिला."

मनकर्णाबाई हात पुसत आल्या. प्रश्न मीच विचारला, आणि तो असा विचारला की त्यांचं उत्तर खरं असूनही माझ्यापर्यंत पोचू नये.

"मावशी, ती खुर्ची कुणी ठेवली?"

"म्याच ठिवली की. म्याच पुसली."

मल्हारराव तोंड उघडणार, तेवढ्यात राज्यपालांनी कप खाली ठेवला.

"तू धोंड्याची मनकर्णा ना गं? आपल्या पंचायतीत झाडायला यायचीस."

"व्हय ताई!" बाईंचा चेहरा उजळला. "वळखलं व्हय मला!"

"तर. आन् खुर्ची काऊन ठिवलीस?"

मला वाटलं, आता माझं नाव येणार. मी बोटं मिटून घेतली. पण मनकर्णाबाईंना तो प्रश्न चौकशीचा वाटलाच नाही, गप्पांचा वाटला.

"आण्णा बसायचेच की तुमच्या जागंवर. तुमी भाईर वट्यावर, पोरीला पाजत. सहीपुरत्या आत यायच्या."

"असं?" राज्यपाल हसल्या. "आन् मला हाक काय मारायचे गं?"

"शीला, पुरे," मल्हारराव म्हणाले.

"बोलू द्या की तिला. सांग, मनकर्णा."

"'ए सही' म्हणायचे." मनकर्णाबाईंनी मल्हाररावांसारखा आवाज जाड केला. "'ए सही, ये हिकडं, आंगठा नगं दिऊ, नाव काढ.' आमी लई हसायचो ताई, तुमी गेल्यावर."

आता राज्यपालांना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या, आणि सगळा वेळ नवऱ्याकडे बघत होत्या. साहेबही हसले. मल्हाररावांच्या मानेवरच्या शिरेचे ठोके मला बसल्या जागेवरून मोजता आले असते.

"हिला काढा," ते म्हणाले. "ह्या बाईला कामावरून काढा."

मनकर्णाबाईंना ते खोटं खोटं रागावणं वाटलं. त्या तोंडाला पदर लावून हसतच रिकामे कप गोळा करून गेल्या.

साहेबांनी राज्यपालांकडे पाहिलं. त्यांनी रुमालाने डोळे टिपले, घडी घातली.

"काढा," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी करू द्या त्यांला."

ठेकेदाराला द्यायचं पत्र मीच लिहिलं. एक वाक्य. सदर महिला कर्मचाऱ्याच्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. 'गैरवर्तन' हा शब्द साहेबांनी सुचवला होता, तो मी घातला नाही, आणि त्याबद्दल मला थोडं बरंही वाटलं. दोन वाजता ताफा विमानतळाकडे गेला. माझ्या बदलीचा विषय परत कुणी काढला नाही.

फाटकाशी मनकर्णाबाई उभ्या होत्या. मला पाहून पुढे आल्या.

"मॅडम, ताई किती हसल्या वो! येवढी मोठी बाई, पर इसरली नाय मला."

"हो."

"तुमच्यामुळं भेट झाली. तुमी बोलिवलं नसतं तर मी मागंच ऱ्हायले असते." त्यांनी माझा हात धरला. हाताला फिनेलचा वास होता. "उद्या हॉलला लग्न हाय. सातला येऊ का आठला?"

ठेकेदाराचा माणूस आठला येतो. पत्र त्याच्या टेबलावर पोचलेलं होतं.

"आठला या," मी म्हणाले.