वरचं पाणी

तृप्तीला ते गाव पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होतं आणि गावालाही ती नको होती. एवढ्या एकाच बाबतीत दोघांचं छान जमलं होतं. ओमानमध्ये निझवा शहराच्या पलीकडे डोंगरात रस्त्याचं काम निघालं, नवरा अश्विन त्यावर इंजिनियर, म्हणून हे पन्नास घरांचं गाव नशिबी आलं. तो सकाळी सहालाच साइटवर जायचा. मग चारच्या सुमाराला गावच्या बायका न सांगता घरात शिरायच्या, खजूर नि कॉफी मांडून बसायच्या आणि तिचे उघडे केस, तिचं कपाट, लग्नाला चार वर्षं होऊनही रिकामी असलेली मांडी, सगळं निरखायच्या. निघताना हसायच्या. त्या हसण्याने तृप्तीचं डोकं फिरायचं.

त्यांची म्होरकी खुदेजा. झांझिबारमध्ये वाढलेली म्हातारी, तिथल्या कच्छी दुकानदारांकडून मोडकीतोडकी हिंदी शिकलेली, हातात कायम काठी.

त्या बुधवारी पाण्याचा टँकर आला नाही. डोंगरातल्या झऱ्याचा एक पाट गावातून वाहतो, त्याला तिथे फलज म्हणतात. तृप्ती खरकटी भांडी आणि साबण घेऊन निघाली आणि पाट जिथे उघड्यावर येतो, त्या पहिल्याच पायरीवर बसली. पातेल्यात पाणी घेऊन घासायला लागते न लागते तोच खुदेजा ओरडत आली. तिने पातेलं हिसकावलं, पाणी मातीत ओतून दिलं आणि काठीने पाटाची खालची बाजू दाखवली.

"इधर नहीं! उधर जाओ!"

बघायला बायका जमल्याच होत्या.

तृप्तीच्या अंगाची आग आग झाली. आपला हात लागलेलं पाणी कुणी ओतून टाकणं तिने फक्त ऐकलं होतं. तिची आजी वर्धेकडच्या गावात विहिरीपासून दहा हात लांब घागर ठेवून उभी राहायची, कुणाला तरी दया येईपर्यंत. महाडच्या तळ्याची गोष्ट तर घरात दरवर्षी सांगितली जायची. आणि आता समुद्र ओलांडून इथेही तेच?

संध्याकाळी ती अश्विनवर तुटून पडली. "त्यांना कळलंय आपण कोण ते."

"अगं, आपली जात यांना कशी कळणार? काहीतरी रूल असेल त्यांचा."

"रूलच होता आजीच्या गावातही! उद्या मी तिथेच जाऊन पाणी पिणार. अडवलं, तर मस्कतला घर बघ, नाहीतर माझं तिकीट काढ."

सकाळी ती ठेवणीतला ड्रेस घालून पायरीवर गेली. बायका पिण्याचं पाणी भरत होत्या. खुदेजाच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने ओंजळ भरली आणि प्यायली. पुन्हा भरली. भांडणाची हिंदी वाक्यं तोंडपाठ होती. खुदेजाने आपला कॅन बाजूला सरकवून तिला जागा करून दिली.

तेवढ्यात खुदेजाचा मुलगा आला. मस्कतला मोठा सरकारी साहेब, सुट्टीवर आलेला. बागेतले चिखलाचे हात त्याने पाण्यात बुडवले मात्र, खुदेजाची काठी त्याच्या पोटरीवर बसली. तोच आवाज, तेच ओरडणं. साहेब निमूट पाटाच्या खालच्या बाजूला गेला.

मग खुदेजा तृप्तीकडे वळली. "पीना इधर. धोना उधर. सब के वास्ते. तुम कल साबुन डाला. ये पानी गाँव का बच्चा लोग पीता है."

बायका तिच्याकडे बघत राहिल्या. आज कुणी हसलं नाही.

चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तृप्तीला ते म्हणता आलं नाही. ओढणी सावरून ती सरळ घरी निघून आली.

त्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, दारात कुणी आलं नाही. नकोशा बायकांची आपण वाट बघतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी सहाला साइटवरून अश्विनचा फोन आला.

"काय झालं? अडवलं का कुणी?"

"नाही."

"मग झालं तर!"

तृप्तीला रडू फुटलं. "अडवलं असतं तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली. "मग काय करायचं ते मला ठाऊक होतं."