पाच घरं उजवीकडे

गणिताच्या बाईंचा कशावरच विश्वास नव्हता. दूधवाला माप पुरं घालतो यावर नाही, नवऱ्याचं डोकं खरंच दुखतंय यावर नाही, आणि मुलं खाली मान घालून लिहितायत म्हणजे आपलंच लिहितायत यावर तर मुळीच नाही. त्यामुळे चाचणीच्या पेपरांत अकरा त्रिकोण एकाच चुकीच्या जागी बसलेले दिसले, तेव्हा त्यांना धक्का वगैरे बसला नाही. उलट बरंच वाटलं.

प्रश्न साधा होता. चौकटीच्या कागदावरचा त्रिकोण पाच घरं उजवीकडे आणि तीन घरं वर सरकवा. अकराजणांनी तो चार घरं उजवीकडे आणि दोन घरं वर नेला होता. एखाद्याचं चुकतं, पण अकराजणांचं अगदी तेच? बाईंनी लाल पेनाने अकरा नावं उतरवली. कॉपीची यादी शाळा सुटायच्या आत मुख्याध्यापकांकडे गेली, की या मुलांना वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्ष फुकट. गेलं तर जाऊ दे, बाई मनात म्हणाल्या. आता मूळ पेपर कोणाचा, तेवढंच शोधायचं राहिलं होतं.

संशय चष्मेवालीवर होता. ही पोरगी मधल्या बाकावर बसायची आणि सगळ्यांशी जरा जास्तच गोड बोलायची. बाईंनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

"पेपर कुणाकुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही, बाई."

"मग तू कुणाचा बघितलास?"

"कुणाचाच नाही."

"म्हणजे अकराजणांना एकच स्वप्न पडलं?"

मुलीने नाकावरचा चष्मा वर सरकवला. भलतीच मुरलेली दिसते, बाईंना वाटलं. त्यांनी नवा चौकटीचा कागद घेतला, त्यावर एक चौकोन काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "चार घरं उजवीकडे. इथे, माझ्यासमोर."

मुलीने चौकोनाच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली आणि पुटपुटली, "एक." मग पुढच्या रेघेवर, "दोन." चार म्हणून झाल्यावर चौकोन तीनच घरं सरकला होता.

"अगं, निघालीस तिथेच एक कसा मोजतेस? एक घर ओलांडल्यावर एक. असलं कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, बाई. आम्हा कच्च्या अकराजणांना जास्तीच्या तासाला व्हरांड्यात नेलं होतंत ना? फरशीवर उभं केलंत आणि म्हणालात, ही एक."

बाईंना तो तास लख्ख आठवला. घरी जायची घाई होती, आणि पायाखालच्या फरशीवर पट्टी आपटून त्याच 'एक' म्हणाल्या होत्या. त्यांची कानशिलं तापली.

"मग पुस्तकातली उत्तरं जुळत होती का तुमची?" त्यांचा आवाज उगाचच चढला.

"नव्हती. बाकीचे म्हणत होते, काहीतरी घोळ आहे. मीच त्यांना सांगितलं, पुस्तकात चुकीचं छापलं असेल. बाई चुकायच्या नाहीत."

बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी यादीचे चार तुकडे केले.

"पुस्तक बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी चुकले. एक घर ओलांडायचं, मग एक म्हणायचं."

मुलीने मान डोलावली. मग पुस्तक उघडलं, कागद जवळ ओढला, आणि बाई सांगतायत ते खरं आहे का, हे स्वतः मोजून बघायला लागली.