सदतिसाव्या अंकाचं मुखपृष्ठ

बाइंडर वाचत नाही. लोकांना वाटतं, एवढी पुस्तकं हाताखालून जातात म्हणजे हा माणूस केवढा विद्वान असेल. मी फक्त पानांचे आकडे बघतो. एकामागे दोन, दोनामागे तीन, एखादं उलटं लागलेलं नाही ना, एखादं गहाळ नाही ना. आत राजा मेला की राणी पळाली, याच्याशी मला कर्तव्य नसतं. चौतीस वर्षं हेच करतोय आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाचं पान इकडचं तिकडे झालेलं नाही. ही बढाई नव्हे. पुढे जे झालं ते या सवयीपायीच झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या काचा घासतो. वय पंचेचाळीस, लग्न केलं नाही, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतो. बायको म्हणते, या घरात एक भाऊ दोघांचं बोलतो आणि दुसरा दोघांचं गप्प बसतो. त्याच्या खाटेखाली पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात ‘पाणबुडी टपाल’ नावाच्या चित्रकथेचे एकशे चौसष्ट अंक होते. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या लोकांना पत्रं पोचवणारी एक टपालवाली, तिची ही गोष्ट. दर महिन्याला एक अंक निघायचा. जवळजवळ चौदा वर्षं निघाला आणि मग बंद पडला. धाकट्याने एकही अंक चुकवला नव्हता.

अकरा वर्षांचा असताना त्याने ती चित्रं काढणाऱ्या बाईंना पत्र पाठवलं होतं. टपालवाली सगळ्यांची पत्रं पोचवते, पण तिला कधी कोणी पत्र लिहितं का, असं विचारलं होतं. बाईंनी उत्तर दिलं होतं की, आजवर कोणी लिहिलेलं नाही, तूच पहिला; कधी भेटलास तर हे पान घेऊन ये, तुझं पत्र मी टपालवालीच्या हातात काढून देईन. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मी तर त्यावरून त्याला हजार वेळा छेडलं असेल. ‘काय रे, आलं का टपाल?’ असं म्हटलं की तो नुसता हसायचा. बाईंचं ते उत्तर पाकिटातून आलं असणार आणि त्याच्या कपाटात कुठेतरी असणार, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नाही.

यंदा आमच्याकडे चित्रकथा, खेळ, कार्टून असल्या सगळ्यांच्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरणार होता, आणि त्यात त्या बाई येणार होत्या. वय एक्याऐंशी. यापुढे कुठे येणार नाहीत, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. धाकट्याने ती बातमी कापून आरशाच्या कडेला खोचली. बारा वर्षांत पहिल्यांदा रजा मागितली. दोन पास आणले, एक त्याचा आणि एक माझा. मी असल्या ठिकाणी कधी गेलो नव्हतो, पण तोही गेला नव्हता. ‘दादा, तू बरोबर असलास तर मला बोलायला जमेल,’ असं म्हणाला. एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून वर्षाकाठी एखादंच निघतं.

मग त्याच्या दुकानाने काचा घासायचं नवीन मशीन शिकायला त्याला तीन आठवडे परगावी पाठवलं, आणि मी ट्रंक उघडली.

अंकांची दशा बघवत नव्हती. पिनांना गंज चढलेला, कोपरे दुमडलेले, काहींची मधली पानं सुटून आलेली. हा गठ्ठा घेऊन माझा भाऊ त्या बाईंसमोर उभा राहणार? आणि त्याचा सख्खा भाऊ बाइंडर? माझे हात शिवशिवायला लागले. त्याला न सांगता करायचं आणि परत आल्यावर पुढ्यात ठेवायचं, असं मी ठरवलं. बायको म्हणाली, एकदा फोन करून विचारा तरी. मी म्हटलं, विचारून केलेल्या कामाचं काय कौतुक.

अंकांची बांधणी करताना आम्ही पहिलं काम करतो ते मुखपृष्ठं काढून टाकण्याचं. मुखपृष्ठाला पानाचा आकडा नसतो, आणि ज्याला आकडा नाही ते आमच्या हिशेबी पान नाही. पिना उपसल्या, मुखपृष्ठं बाजूला टाकली, पानं झटकून रांगेत लावली, दोऱ्याने शिवली, तिन्ही बाजूंनी कापून सरळ केली. गडद निळं कापड चढवलं आणि कण्यावर सोनेरी अक्षरं मारली. चार खंड झाले. इतकं चांगलं काम मी पैसे घेऊनही कुणाला करून दिलेलं नाही. आणि ती मुखपृष्ठं म्हणजे जाड, चिवट कागद. टाकून द्यायला मन होईना. त्यांच्या तीन-तीन बोटं रुंद पट्ट्या कापल्या आणि तेव्हाच हातात असलेल्या शाळेच्या चाळीस हजेरी-रजिस्टरांच्या कण्यांना आतून अस्तर म्हणून चिकटवून टाकल्या.

धाकटा परत आला तेव्हा चारही खंड टेबलावर मांडले होते. त्याने ट्रंक बघितली, मग खंड बघितले. शेवटचा उघडला, मिटला. पहिला उघडला आणि एका जागी पुढची-मागची पानं बराच वेळ उलटत राहिला. मग डोळे पुसत म्हणाला, ‘फार सुंदर झालंय, दादा.’ त्याला आनंदाने भरून आलं, असं मला वाटलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

मेळावा एका अवाढव्य शेडमध्ये होता. दाराशी मनगटाला कागदी पट्टी चिकटवली, पिशवी तपासली. आत शिरल्या शिरल्या कानठळ्या बसल्या. पुठ्ठ्याची चिलखतं घातलेली मुलं, निळे केस, हिरवे केस, आणि एक जण पंख लावून आलेला, तो दारात अडकला होता आणि चौघे जण त्याला तिरका करत होते. पुठ्ठा हा माझा विषय, म्हणून मी त्या चिलखतांकडे जरा नीट बघितलं. खळ चांगली नव्हती. जिकडे बघावं तिकडे खेळणी, बाहुल्या, बनियन आणि लांबच लांब रांगा. कशाची रांग आहे हे रांगेतल्यांनाही धड सांगता येत नव्हतं.

बाई कुठे बसल्यात हे आम्ही तीन स्वयंसेवकांना विचारलं. एकाने विचारलं, कुठल्या गेममधल्या? दुसऱ्याने आम्हाला पार उलट्या टोकाला धाडलं. तिसरीने फोनमधला नकाशा मोठा करून बघितला आणि मागच्या कोपऱ्यात, मालाच्या ढकलगाड्या येतात त्या दाराशेजारी, असं सांगितलं. एवढ्या गर्दीत टपालवालीचं एक चित्रसुद्धा धाकट्याला कुठे दिसलं नव्हतं. त्याचं तोंड उतरलेलं मला दिसत होतं आणि मी उगाच हसवायचा प्रयत्न करत होतो.

कोपऱ्यात नव्वदेक माणसांची रांग होती. बहुतेक आमच्याच वयाची, चष्मेवाली. अडीच तास उभे राहिलो. दर थोड्या वेळाने ढकलगाडी यायची आणि सगळ्यांना भिंतीला चिकटावं लागायचं. तीन खंड माझ्या पिशवीत होते आणि पहिला खंड धाकट्याने छातीशी धरला होता. पुढचे लोक प्लॅस्टिकच्या पाकिटात एकेक मळका अंक जपून धरून उभे होते. मला त्यांची कीव आली. मी धाकट्याला म्हटलं, बघ, कसे चिंधोटे घेऊन आलेत. तो म्हणाला, ‘दादा, नाही झालं तरी चालेल हं.’ मी त्याच्यावर खेकसलो. एवढं उभं राहून नाही कसं होईल?

आमची पाळी आली. बाई लहानखुऱ्या होत्या, उजव्या हाताला क्रेपची पट्टी होती. शेजारी त्यांची नात बसली होती. ती सगळ्यांना सांगायचं तेच आम्हाला म्हणाली, ‘पत्र छापलेलं पान काढून ठेवा, म्हणजे आजीला लगेच चित्र काढता येईल.’

मीच पुढे होऊन म्हणालो, पान कसलं, बघा, सगळे अंक एकत्र आहेत. नातीने समजावून सांगितलं. अंकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मुलांची पत्रं आणि आजीची उत्तरं छापलेली असायची. त्यातल्या बऱ्याच मुलांना आजीने चित्राचं वचन दिलं होतं. ज्यांच्याकडे ते पान आहे त्यांच्यासाठीच ती आज चित्र काढतेय, बाकीच्यांना सहीचं छापील कार्ड. हे पासच्या मागे लिहिलंय, ती म्हणाली. मी खिशातून पास काढला. लिहिलं होतं. महिनाभर तो माझ्या खिशात होता.

बाईंनी पहिला खंड पुढे ओढला. ‘कितवा अंक रे बाळा?’

‘सदतिसावा,’ धाकटा म्हणाला. त्यांनी उघडून बघितला. छत्तिसावा संपत होता आणि सदतिसावा सुरू होत होता. मध्ये माझी शिलाई होती, घट्ट आणि सरळ.

मग माझ्या भावाने मान खाली घालून आपलं पत्र म्हणून दाखवलं. अक्षर न् अक्षर, खालच्या पत्त्यासकट. त्यांचं उत्तरही म्हणून दाखवलं. बाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ‘किती मुलांना लिहिलं मी असं. मला नाही रे आठवत.’ त्यांनी नातीकडे बघितलं. नात वाईट नव्हती, तिचाही चेहरा पडला होता. ती हळूच म्हणाली, ‘आजी, हात बघ तुझा. आणि मागचे सगळे असंच सांगतील.’ मागच्या माणसाचं पाकीट माझ्या पाठीला लागत होतं.

मी भांडायला तोंड उघडलं. चौतीस वर्षांत मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पण भांडायचं कुणाशी? अंक फाडणारा मी, पास न वाचणारा मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तोंड मिटलं.

खंड परत देताना बाईंनी कण्यावरून अंगठा फिरवला. ‘बांधणी मात्र फार छान आहे. कुणी केली?’

सकाळपासून मी याच वाक्याची वाट बघत होतो. त्यावर काय बोलायचं हेही ठरवून ठेवलं होतं. आता मी पिशवीचे बंद आवळत राहिलो.

‘माझ्या दादाने,’ धाकटा म्हणाला.

बाहेर आवारात एका पालथ्या खोक्यावर बसलो. त्याच्या हातात छापील सहीचं कार्ड होतं. मी विचारलं, तुला कधी कळलं? तो म्हणाला, तू पुढ्यात ठेवलेस तेव्हाच. मग आलास कशाला इथे? यावर त्याने कार्ड उलटसुलट केलं.

‘वाटलं, बाईंना आठवेल.’

मला रडू आलं. भर आवारात, त्या चिलखतवाल्या पोरांसमोर, छप्पन्न वर्षांचा माणूस रडला. धाकट्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि सगळे खंड स्वतःच्या खांद्यावर घेतले. घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं की, वहिनी, मजा आली, बाईंना दादाची बांधणी फार आवडली. एवढं सांगून तो मागच्या खोलीत गेला. आरशाच्या कडेची बातमी दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. बाईंचा मेळावा संपला होता, आता ते पान सापडून काय होणार होतं ते मलाही ठाऊक नव्हतं, पण घरी बसवेना. मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की, रजिस्टरं वापरात आहेत, वर्ष संपेपर्यंत उसवता येणार नाहीत, आणि वर्ष संपलं की दहा वर्षं कपाटात जपून ठेवायचा नियम आहे. बघायला मात्र हरकत नाही, म्हणाल्या.

रजिस्टर पूर्ण उघडलं की कणा मागे फुगतो आणि आत पोकळी दिसते. त्या पोकळीला डोळा लावून, टॉर्च धरून मी एकेक रजिस्टर बघत गेलो. क्लार्क शेजारी उभा होता. कशात माशाचं शेपूट, कशात नुसता निळा रंग. एकोणिसाव्यात छापलेल्या ओळी दिसल्या. ‘टपालवालीला कोण’ एवढं वाचता आलं. पुढचं पट्टी कापताना गेलं होतं. धाकट्याचंच असेल, दुसऱ्या कुणाचंही असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी आकडे सोडून काही वाचत होतो आणि ते तीन बोटंच रुंद होतं.

मी अंगठ्याच्या नखाने पट्टीची कड उचलून बघितली. मग किल्लीच्या टोकाने. ती केसभरही हलली नाही.

‘काका, जपून,’ क्लार्क म्हणाला, ‘रजिस्टर फाटेल.’

‘नाही फाटणार,’ मी म्हणालो. ‘माझीच बांधणी आहे.’